इंटेल की एएमडी? आधी नॉइस भेटू द्या!

गेमिंग पीसी अपग्रेड करायचं ठरलं की हॉस्टेलच्या रूममध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक इंटेलवाल्यांची, दुसरी एएमडीवाल्यांची. भांडण असं रंगतं की विचारू नका. पण गंमत सांगू? या दोन्ही कंपन्यांचा रस्ता एकाच माणसाच्या अंगणातून जातो. त्याचं नाव रॉबर्ट नॉइस.

१२ डिसेंबर १९२७ ला अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जन्म. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. पोरगा हुशार आणि तितकाच उपद्व्यापी. ग्रिनेल कॉलेजात असताना, १९४८ मध्ये, एका पार्टीसाठी त्यानं चक्क शेतकऱ्याचं डुक्कर चोरलं! शेतीवर जगणाऱ्या आयोवात ही काही थट्टा नव्हती. पण फिजिक्सचे प्रोफेसर ग्रँट गेल मध्ये पडले आणि कायमची हकालपट्टी टळून एका सेमिस्टरच्या शिक्षेवर भागलं. त्याच गेल सरांनी तेव्हा नवाकोरा असलेला ट्रान्झिस्टर मिळवला होता. परत आलेला नॉइस त्याच्या प्रेमातच पडला. १९५३ मध्ये त्यानं एमआयटीतून पीएचडी केली.

१९५६ मध्ये तो कॅलिफोर्नियात विल्यम शॉकलीकडे कामाला लागला. बॉस नोबेलविजेता, पण स्वभाव असा की टीम वैतागली. नाव मोठं म्हणून किती दिवस थांबायचं? १९५७ मध्ये आठ जण बाहेर पडले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली. तेव्हा प्रत्येक ट्रान्झिस्टर सुटा असायचा, मग तारांनी जोडायचा. जॅक किल्बीनं १९५८ मध्ये सगळे भाग एका तुकड्यावर आणून दाखवले होते, पण जोडणीला तारा होत्याच. १९५९ मध्ये नॉइसनं सिलिकॉनवरच धातूच्या बारीक रेघा काढून जोडणी करण्याची युक्ती मांडली. आजचा प्रोसेसर याच वाटेनं आलाय.

१९६८ मध्ये फेअरचाइल्डच्या मूळ कंपनीनं सर्वोच्च पद देताना नॉइसला डावललं. रडत न बसता त्यानं गॉर्डन मूरसोबत इंटेल काढली. पुढच्याच वर्षी फेअरचाइल्डचं मार्केटिंग सांभाळणाऱ्या जेरी सँडर्सनं सात जणांना घेऊन एएमडी सुरू केली. म्हणजे भांडणारी दोन्ही घरं एकाच वाड्यातून फुटलेली!

इंटेलचा धंदा तेव्हा मेमरी चिपचा. १९६९ मध्ये बिझिकॉम या जपानी कंपनीनं कॅल्क्युलेटरसाठी बऱ्याच वेगवेगळ्या चिप मागितल्या. टेड हॉफ या इंजिनिअरनं सुचवलं, त्यापेक्षा हवं ते काम सांगता येईल अशी एकच मुख्य चिप करू. नॉइसनं त्याला पाठिंबा दिला. १९७१ मध्ये ४००४ आला, फक्त २३०० ट्रान्झिस्टरचा. १९७८ मध्ये ८०८६ आला. आयबीएमला आपल्या पीसीसाठी एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायचं नव्हतं, म्हणून एएमडीलाही तीच रचना बनवायचा परवाना मिळाला. तोच वारसा चालू आहे, म्हणून आज तुमचा गेम दोन्हीकडे चालतो.

३ जून १९९० ला, ६२ व्या वर्षी, हार्ट अटॅकनं नॉइस गेला. २००० मध्ये किल्बीला नोबेल मिळालं. नोबेल मरणोत्तर देत नाहीत, त्यामुळे नॉइस राहूनच गेला.

मग आपण काय घ्यायचं? जो माणूस नोबेलविजेत्या बॉसला आणि स्वतः उभ्या केलेल्या कंपनीलाही सोडून निघाला, त्याच्या चिपसाठी आपण ब्रँडची भक्ती का करायची? आधी गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. एफपीएस झपकन वाढला, तर अडलंय ग्राफिक्स कार्डपाशी, प्रोसेसर बदलून फारसं काही होणार नाही. तसाच राहिला, तर बहुतेक प्रोसेसरच दमलाय. मग मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये कोणता बसतो ते तपासा, नाहीतर बोर्डाचा खर्चही बोकांडी बसेल. शेवटी तुमच्या आवडत्या गेममध्ये, तुमच्या बजेटात जो जास्त पळतो तो घ्या.

डब्यावरचा लोगो कुठलाही असो, आतल्या रेघा नॉइसच्याच वाटेवरच्या आहेत.