पु. ल. देशपांडे

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे (८ नोव्हेंबर, इ.स. १९१९ - १२ जून, इ.स. २०००) हे मराठी लेखक, नाटककार, नट, चित्रपट दिग्दर्शक, संगीतकार आणि एकपात्री प्रयोगांचे सादरकर्ते होते. महाराष्ट्रात ते पु. ल. या आद्याक्षरांनी ओळखले जातात; निकटवर्तीय त्यांना भाई म्हणत. एकट्या कलावंताने स्वतःच्या लेखनाच्या बळावर प्रेक्षागृह हसवत ठेवण्याचा प्रकार मराठी रंगभूमीवर लोकप्रिय करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. त्यापूर्वी सुमारे सात वर्षे ते मराठी चित्रपटसृष्टीत कार्यरत होते.

बालपण आणि शिक्षण

पु. लं.चा जन्म मुंबईतील गावदेवी भागात झाला. वडिलांचे नाव लक्ष्मण त्रिंबक देशपांडे, तर आईचे नाव कमलाबाई होते. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे ऋग्वेदी या टोपणनावाने लेखन करीत. रवींद्रनाथ ठाकुरांच्या गीतांजलीचा त्यांनी अभंगरूपात मराठी अनुवाद केला होता. पु. लं.चे बालपण जोगेश्वरी आणि नंतर विलेपार्ले येथे गेले. पार्ले टिळक विद्यालयात त्यांचे शालेय शिक्षण झाले. घरातील गाणेबजावणे आणि पार्ल्यातील लोकमान्य सेवा संघाची व्याख्याने यांचा त्यांच्यावर संस्कार झाला. लहान वयातच ते पेटी वाजवू लागले. नकला, भाषणे व गाणे यांची आवडही त्यांना तेव्हापासूनच होती.

मुंबईचे इस्माईल युसुफ महाविद्यालय, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय येथे त्यांनी शिक्षण घेतले. वडिलांच्या निधनानंतर घराची जबाबदारी अंगावर आल्याने त्यांनी कारकुनी केली, शिकवण्या घेतल्या आणि मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिक्षकाची नोकरीही केली. पुढे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. इ.स. १९४६ मध्ये १२ जून रोजी सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला.

चित्रपट कारकीर्द

इ.स. १९४७ सालच्या कुबेर या चित्रपटापासून पु. लं.चा पडद्याशी संबंध आला. राम गबाले दिग्दर्शित वंदे मातरम् (१९४८) या चित्रपटात पु. ल. आणि सुनीताबाई या दोघांनीही प्रमुख भूमिका केल्या. राजा परांजपे यांच्या पुढचं पाऊल (१९५०) मध्ये ते हंसा वाडकर यांच्यासोबत नायकाच्या भूमिकेत होते. याच काळात त्यांनी अनेक चित्रपटांसाठी कथा, पटकथा, संवाद आणि संगीत अशी वेगवेगळी कामे केली. देवबाप्पा (१९५३) या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले, पु. लं.नी चाल दिलेले आणि आशा भोसले यांनी गायिलेले मोराचे बालगीत आजही शाळांच्या स्नेहसंमेलनांत ऐकू येते. निकोलाय गोगोलच्या नाटकावर आधारित त्यांच्या अंमलदार या नाटकावरून त्याच नावाचा चित्रपटही इ.स. १९५३ मध्ये आला.

या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा चित्रपट म्हणजे गुळाचा गणपती (१९५३). कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका ही सर्व अंगे पु. लं.नी स्वतः सांभाळली. नाऱ्या या भोळ्या, स्वप्नाळू आणि सर्वांच्या थट्टेचा विषय झालेल्या तरुणाची ही कथा आहे. त्यातील भीमसेन जोशी यांच्या आवाजातील गीत विशेष गाजले. मात्र या चित्रपटानंतर पु. ल. चित्रपटनिर्मितीपासून दूर गेले. लोकप्रियता मिळत असतानाच घेतलेल्या या निर्णयाने त्यांच्या पुढील आयुष्याला वेगळी दिशा मिळाली.

आकाशवाणी आणि दूरदर्शन

इ.स. १९५५ मध्ये पु. ल. आकाशवाणीच्या सेवेत रुजू झाले. पुणे, मुंबई आणि दिल्ली येथे त्यांनी काम केले. प्रसारणाच्या प्रशिक्षणासाठी ते इंग्लंडला बीबीसीकडे गेले. या प्रवासातून अपूर्वाई हे प्रवासवर्णन लिहिले गेले. भारतात दूरचित्रवाणी सुरू होत असताना दिल्ली केंद्रावर निर्माता म्हणून त्यांनी काम केले. केवळ आवाजातून माणूस उभा करण्याचा आकाशवाणीवरील सराव त्यांना पुढे रंगमंचावर उपयोगी पडला. याच काळात तुझे आहे तुजपाशी (१९५७) हे त्यांचे नाटक रंगभूमीवर आले.

एकपात्री प्रयोग

बटाट्याची चाळ हे पु. लं.चे पुस्तक इ.स. १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. गिरगावातील एका चाळीतील बिऱ्हाडकरूंचे उपास, प्रवास, सभा आणि सांस्कृतिक चळवळी यांची ही चित्रे आहेत. इ.स. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी या पुस्तकाचे एकपात्री प्रयोग सुरू केले. रंगमंचावर ते एकटे असत. आवाजाचा पोत, बोलण्याची ढब, मानेची वा हाताची लकब एवढ्याच साधनांवर ते चाळीतील माणसे एकामागून एक उभी करीत. शेवटच्या चिंतनात मात्र हसण्याला हुरहूर येऊन मिळते, कारण चाळ मोडून वेगळ्या घरांत जाणाऱ्या मध्यमवर्गाचे एकत्र जगणे संपत असल्याची जाणीव त्यात आहे.

त्यानंतर असा मी असामी या प्रयोगात त्यांनी धोंडो भिकाजी जोशी या सामान्य कारकुनाचे काल्पनिक आत्मचरित्र सादर केले. वाऱ्यावरची वरात हा प्रयोग बहुपात्री होता. या प्रयोगांची व्यवस्था सुनीताबाई पाहत असत. प्रयोगाची वेळ आणि प्रेक्षागृहातील शिस्त यांबाबत त्या काटेकोर होत्या.

मराठीत कीर्तनकाराचे आख्यान, बहुरूप्याची सोंगे आणि तमाशातील सोंगाड्याची हजरजबाबी बतावणी या परंपरा पूर्वीपासून होत्या. पु. लं.नी त्यांतील कथनाची रीत शहरी नाट्यगृहात आणली आणि तिला लिखित संहितेची शिस्त दिली. त्यांच्या विनोदात व्यंगावर बोट ठेवले जाते. परंतु निवेदक स्वतःलाही त्यातून वगळत नाही. अंतू बर्वा, नारायण, सखाराम गटणे, हरितात्या आणि चितळे मास्तर या व्यक्तिरेखा त्यांच्या अभिवाचनांच्या ध्वनिफितींमुळे पुस्तक न वाचलेल्यांपर्यंतही पोहोचल्या.

सार्वजनिक भूमिका

इ.स. १९७४ मध्ये इचलकरंजी येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे पु. ल. अध्यक्ष होते. आणीबाणीला त्यांनी उघड विरोध केला. इ.स. १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी जनता पक्षाच्या बाजूने प्रचारसभांत भाषणे केली. एरवी चाळीतील माणसांची थट्टा करणारा विनोद या सभांत सत्तेकडे वळला होता. निवडणुकीनंतर मात्र ते राजकारणात न राहता आपल्या कामाकडे परतले.

महाराष्ट्र भूषण पुरस्काराचे पहिले मानकरी म्हणून इ.स. १९९६ मध्ये त्यांची निवड झाली. पुरस्काराच्या निमित्ताने त्यांनी लोकशाही व विचारस्वातंत्र्याविषयी चिंता व्यक्त केली. त्यावर, ज्यांच्या पक्षाचा तेव्हा राज्य सरकारमध्ये सहभाग होता, त्या शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी जाहीर टीका केली. ठाकरे हे ओरिएंट हायस्कूलमधील त्यांचे विद्यार्थी होते. साहित्यवर्तुळात या वादाची मोठी चर्चा झाली.

पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या माध्यमातून या दांपत्याने अनेक सामाजिक व सांस्कृतिक संस्थांना अर्थसाहाय्य केले. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे त्यांपैकी एक होय.

एक होता विदूषक

अनेक वर्षांनंतर पु. लं.नी पुन्हा चित्रपटासाठी लेखन केले. जब्बार पटेल दिग्दर्शित एक होता विदूषक (१९९२) या चित्रपटाची पटकथा त्यांची आहे. तमाशातील सोंगाड्या चित्रपटाचा नायक होतो, पुढे राजकारणात ओढला जातो आणि लोकांना हसवता हसवता स्वतःचे हसू गमावतो, असे त्याचे कथानक आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी यातील आबुरावची भूमिका केली. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडदा, विनोद आणि सत्ता या तिन्हींचा अनुभव घेतलेल्या लेखकाने विदूषकाच्या स्वातंत्र्याविषयी केलेले भाष्य म्हणूनही तो पाहता येतो.

सन्मान, निधन आणि वारसा

पु. लं.ना पद्मश्री (१९६६), पद्मभूषण (१९९०), व्यक्ती आणि वल्ली या पुस्तकासाठी साहित्य अकादमी पुरस्कार (१९६५) आणि कालिदास सन्मान (१९८७) प्राप्त झाले. अखेरच्या काळात ते कंपवाताने आजारी होते. १२ जून, इ.स. २००० रोजी, विवाहाच्या ५४ व्या वाढदिवशी, पुणे येथे त्यांचे निधन झाले.

मुंबईतील प्रभादेवी येथील कला अकादमीला आणि पुण्यातील एका उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. महेश मांजरेकर यांनी त्यांच्या जीवनावर भाई : व्यक्ती की वल्ली हा चित्रपट इ.स. २०१९ मध्ये दोन भागांत काढला. लक्ष्मण देशपांडे यांच्या वऱ्हाड निघालंय लंडनला या प्रयोगाने एकपात्रीची परंपरा पुढे नेली. आजच्या मराठी स्टँडअप विनोदाचा पूर्वेतिहास सांगतानाही बटाट्याची चाळ हा महत्त्वाचा टप्पा मानावा लागतो.