डॉ. ईडिथ पीची

जामसांवली, सौंसर, पांढुर्णा या मराठी पट्ट्यातील माणसाचे दुखणे वाढले की त्याला नागपूरची वाट धरावी लागते. तेथल्या इस्पितळांत रात्रंदिवस राबणाऱ्या परिचारिकांत आपल्या मराठी मंडळ्यांतील लेकीसुना पुष्कळ असतात. सुट्टीवर घरी आल्या म्हणजे त्या काय सांगतात, हे कोणी लक्ष देऊन ऐकले आहे काय? रोग्यांविषयी तक्रार क्वचितच निघते. जड कामाविषयीही फारशी नाही. मन मोडते ते बरोबरीच्या माणसांमुळे. कोणी पाळी बदलताना रोग्याची नीट माहिती देत नाही, कोणी वरिष्ठ चारचौघांत पाणउतारा करतो, कोणी आपले काम दुसरीच्या गळ्यात टाकून निघून जातो. घरच्या वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : सोसून घे, बाई. हे उत्तर पुरेसे आहे काय, असा प्रश्न आम्हांस पडतो. म्हणून या महिन्यात आम्ही एका डॉक्टरीणबाईंचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. मुंबईचे कामा इस्पितळ ज्यांच्या हातून नावारूपास आले, त्या या बाई.

नागपूरचे म्युर मेमोरियल इस्पितळ स्कॉटिश मिशनने उभारले, हे आपणांस ठाऊक आहे. त्याच स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरोत, या चरित्राचा पहिला आणि कडू भाग घडला.

ईडिथ पीची यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८४५ रोजी इंग्लंडातील लँगहॅम या खेड्यात झाला. वडील विल्यम पीची हे बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक. आई वकिलाची मुलगी, आणि त्या काळच्या स्त्रियांत विरळा अशी ग्रीक भाषा जाणणारी. पाळकाच्या घरी विद्या असते, पैसा नसतो. मोठ्या झाल्यावर ईडिथबाई घरोघर शिकवणी करून पोट भरू लागल्या. १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक या बाईंनी एडिंबरो विद्यापीठाकडे वैद्यकीय शिक्षणाची मागणी केली, तेव्हा त्यांना येऊन मिळणाऱ्यांत ईडिथबाई पहिल्यांपैकी होत्या. पुढे या स्त्रिया सात झाल्या.

विद्यापीठाने त्यांना घेतले, पण मुलांच्या वर्गात बसू दिले नाही. त्यांचे वर्ग निराळे आणि फी जास्त. एवढे करूनही रसायनशास्त्राच्या परीक्षेला प्रथमच बसलेल्या सर्व विद्यार्थ्यांत ईडिथबाई पहिल्या आल्या. या यशाला होप शिष्यवृत्ती असे. प्राध्यापकांनी ती त्यांना न देता त्यांच्या खालच्या मुलाला दिली. कारण काय, तर त्या निराळ्या वर्गात शिकल्या होत्या! निराळ्या वर्गात त्यांना बसविले कोणी, हे विचारण्याची सोय नव्हती. खरी भीती मुलांच्या रागाची होती. यातली गंमत अशी की, या शिष्यवृत्तीचा पैसाच मुळी स्त्रियांचा होता. होप नावाच्या जुन्या प्राध्यापकांनी काही दशकांपूर्वी स्त्रियांसाठी रसायनशास्त्राची व्याख्याने दिली होती, आणि त्यांच्या फीमधून ही रक्कम उभी राहिली होती.

ही बातमी लंडनच्या वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचली आणि लोकमत बाईंच्या बाजूने झुकले. ईडिथबाई वर्ग सोडून गेल्या नाहीत. मात्र सहाध्यायांचा विरोध वाढला. काही मुले त्यांच्या तोंडावर दार लावून घेत, रस्त्यात पाठीमागून अभद्र शब्द बोलत. १८ नोव्हेंबर १८७० रोजी शरीरशास्त्राची परीक्षा होती. सर्जन्स हॉलच्या दारापुढे सुमारे दोनशेंचा जमाव उभा राहिला. फाटक बंद करून घेण्यात आले, बायकांवर चिखल फेकण्यात आला. आतून कोणी दार उघडले म्हणून त्या हॉलमध्ये शिरल्या आणि चिखलाच्या कपड्यांनिशी पेपर लिहावयास बसल्या. तेवढ्यात टवाळखोरांनी एक मेंढी आत ढकलली. परीक्षक शिक्षक भला माणूस होता. बाहेरच्या टोळीपेक्षा मेंढीला अक्कल अधिक, अशा अर्थाचे बोलून त्याने तिला तेथेच राहू दिले. पेपर पुरा झाला. परत जाताना काही विद्यार्थी या स्त्रियांभोवती कडे करून त्यांना सुखरूप घरी पोहोचविण्यास पुढे आले. त्यांत आयरिश मुले विशेष होती. सगळेच वाईट नसतात. कामाच्या जागी आपल्या बाजूची दोन माणसे कोण, हे ओळखून असावे.

या दंगलीनंतर दोन मैत्रिणींच्या दोन वाटा दिसतात. सोफियाबाई तापट. एका प्राध्यापकाच्या साहाय्यकाने दंगल चेतविली, असे त्या जाहीर सभेत बोलून गेल्या. त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा झाला. ज्यूरीने नुकसानभरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. परंतु खटल्याचा खर्च नऊशे पौंडांवर गेला, आणि तो हितचिंतकांना वर्गणी काढून भरावा लागला. ईडिथबाईंचे वेगळे. त्याही गप्प बसल्या नाहीत. १८७१ साली त्यांनी तेथल्या वर्तमानपत्राला पत्र लिहून रस्त्यातले प्रकार उघड केले. पण व्यक्तीच्या मागे न लागता त्यांनी मुद्दा दुसरीकडेच नेला. आपण वैद्यकीकडे वळलो ते केवळ स्वतःच्या आवडीने, पण असली दांडगट मुले उद्या डॉक्टर होणार आणि आजारी स्त्रिया त्यांच्या हाती जाणार हे पाहून आता या कामाला दुसरेही कारण मिळाले आहे, असा त्या पत्राचा आशय होता. आमच्या मते साऱ्या चरित्रातले वळण हेच. अपमान कोणाला चुकत नाही. तो मनात घोळवीत बसले तर माणूस आंबतो, आणि गिळून टाकला तर आतून पोखरतो. ईडिथबाईंनी त्या रागाला रोग्याच्या खाटेकडे वळविले.

१८७३ साली न्यायालयाने निकाल दिला की, या स्त्रियांना पदवी नाकारण्याचा विद्यापीठाला अधिकार आहे. चार वर्षांची मेहनत, हाती कागद नाही. ईडिथबाईंनी बर्मिंगहॅमच्या स्त्रियांच्या इस्पितळात काही काळ काम केले, जर्मन भाषा शिकून घेतली, आणि १८७७ साली स्वित्झर्लंडातील बर्न येथे त्या भाषेत परीक्षा देऊन एम.डी. झाल्या. त्याच वर्षी डब्लिनच्या वैद्यक महाविद्यालयाने त्यांना परवाना दिला. नंतर लीड्स शहरात त्यांचा धंदा चांगला चालला.

इकडे मुंबईत जॉर्ज किट्रिज नावाचे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी गृहस्थ स्त्री-डॉक्टर आणण्यासाठी निधी जमवीत होते. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इस्पितळासाठी मोठी देणगी दिली. येथील असंख्य स्त्रिया पुरुष डॉक्टरास नाडीदेखील दाखवीत नसत, आणि घरच्या घरी मरत. लंडनच्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी ईडिथबाईंचे नाव सुचविले. डिसेंबर १८८३ मध्ये त्या मुंबईस उतरल्या.

या योजनेतली एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानी धरावी. स्त्रियांचे इस्पितळ स्त्री-डॉक्टरांच्याच ताब्यात राहील, हे आरंभीच ठरवून सरकारकडून मान्य करून घेतले होते. शहरातील काही डॉक्टरांना ते रुचले नाही. परंतु रोज सकाळी वॉर्डात उठणारी कुरबूर अशा लेखी ठरावाने पुष्कळ कमी होते. कोणते काम कोणाचे आणि अंतिम शब्द कोणाचा हे मोघम राहिले की चांगली माणसेही एकमेकांवर खेकसू लागतात. समान कामाला समान वेतन, हाही ईडिथबाईंचा आग्रह होता. हा लोभ नव्हे. कमी पगारावर राबणाऱ्या स्त्रीला बरोबरीचा मान कोणी देत नाही, हे त्या एडिंबरोत शिकून आल्या होत्या.

इमारत तयार होईपर्यंत काम तात्पुरत्या दवाखान्यात चाले, आणि तेथे बायकांची एकच गर्दी उसळे. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, सर्व जातींच्या. बाईंनी हिंदुस्थानी भाषा शिकून घेतली. मदतीला डॉ. शार्लट एलॅबी आल्या, तेव्हा भार वाटला गेला. १८८६ साली कामा इस्पितळ उघडले. ईडिथबाईंनी तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकू लागलेल्या मुलींना प्रत्यक्ष अनुभव मिळण्याची जागाही हीच. आम्हांस यात फार मोठे शहाणपण दिसते. हाताखाली मनासारखी माणसे नाहीत, अशी तक्रार सगळेच करतात. बाईंनी ती माणसे तयार करावयास घेतली. त्याला वर्षे लागतात, हा भाग निराळा.

मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. रखमाबाईंवर नवऱ्याने भरलेला खटला त्या काळी सर्व महाराष्ट्रात गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीच्या पाठीशी ईडिथबाई उभ्या राहिल्या आणि विलायतेत जाऊन डॉक्टर होण्यास त्यांनी तिला उत्तेजन दिले. १८८९ साली रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. परत आल्यावर काही काळ कामा इस्पितळात काम करून पुढे त्यांनी सुरत व राजकोट येथे उभे आयुष्य स्त्रियांच्या इस्पितळांत वेचले. बालविवाहाविरुद्ध ईडिथबाईंनी १८९० साली मुंबईच्या हिंदू गृहस्थांपुढे व्याख्यान दिले. त्याने सर्वच खूष झाले असतील, असे नाही.

१८८९ साली त्यांचा विवाह हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन यांच्याशी झाला. हे मुंबईचे व्यापारी, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. नाशिकजवळ स्त्रिया व मुलांना आजारातून उठल्यावर विसावा मिळावा म्हणून पीची-फिप्सन आरोग्यधाम निघाले, ते या दांपत्याच्या नावाने.

शरीराने मात्र हिशेब मागितला. मधुमेह जडला, आणि १८९४ साली त्यांनी इस्पितळाची नोकरी सोडली. कोणी म्हणेल, एवढे सोसलेल्या बाईने मध्येच सोडले. आम्हांस तसे वाटत नाही. आजारी माणसाने रोग्यांचा भार वाहत राहावा, अशी अपेक्षा कोणी करू नये, आणि त्यांच्यामागे काम सांभाळणाऱ्या स्त्रिया तोवर उभ्या राहिल्या होत्या. खासगी रोगी त्या तपासतच होत्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हाही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. साथ हाताळताना जे चुकले, ते त्यांनी स्पष्ट बोलून दाखविले, आणि पुढे पटकीच्या साथीत त्या टीकेचा उपयोग झाला.

१९०५ साली पतिपत्नी इंग्लंडास परतली. तेथे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत बाई उतरल्या. फेब्रुवारी १९०७ मध्ये लंडनच्या चिखलातून निघालेल्या मिरवणुकीत त्या आघाडीला चालल्या. चिखल त्यांना नवा नव्हता. लवकरच स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया केली ती डॉ. मे थॉर्न यांनी. एडिंबरोच्या सात जणींतील इझाबेल थॉर्न यांची ही कन्या. इझाबेलबाई स्वतः डॉक्टर होऊ शकल्या नव्हत्या. १४ एप्रिल १९०८ रोजी ईडिथबाईंनी देह ठेवला. पतीने त्यांच्या नावे लंडनच्या त्याच वैद्यकीय शाळेत मुलींसाठी शिष्यवृत्ती ठेवली. एडिंबरो विद्यापीठाने त्या सात जणींना पदवी दिली २०१९ साली, आणि त्यांच्या वतीने ती तेथे त्या वेळी शिकणाऱ्या मुलींनी स्वीकारली.