डॉ. विल्यम केरी व वनस्पतींचीं नांवें

मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं व कोश १८१० सालीं प्रसिद्ध करणारे डॉ. विल्यम केरी यांचें नांव आमच्या वाचकांच्या परिचयाचें आहेच. परंतु वृक्षवेलींना नांवें देणाऱ्या शास्त्राचीहि त्यांनीं मोठी सेवा केली, हें फार थोड्यांस ठाऊक असल्यामुळें तो वृत्तांत आम्ही येथें देत आहों.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांत एका विणकराच्या घरीं झाला. तरुणपणीं ते जोडे शिवून उदरनिर्वाह करीत. तथापि झाडें व किडे न्याहाळण्याचा छंद त्यांस बाळपणापासूनच होता. १७९३ सालीं ते बंगाल्यांत आले. पुढें श्रीरामपूर येथें त्यांनीं मोठी बाग केली व स्वीडनचे पंडित लिनियस यांच्या पद्धतीनें तींत वनस्पतींची वर्गवारी लाविली.

एकाच झाडास प्रांतोप्रांतीं निरनिराळीं नांवें असतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील टेंभुर्णीस अन्यत्र तेंदू म्हणतात. हा घोंटाळा टाळण्यासाठीं लिनियस यांनीं १७५३ सालीं प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचें लॅटिन नांव दिलें. पहिला शब्द आडनांवाप्रमाणें अनेक भाईबंदांस समान असतो; दुसरा त्या एकाच जातीची ओळख देतो. टेंभुर्णी ही याप्रमाणें डायोस्पायरॉस मेलॅनॉक्सिलॉन होय. हें नांव केरी यांचे स्नेही डॉ. विल्यम रॉक्सबर्ग यांनीं दिलेलें आहे.

परंतु नांव रीतसर प्रसिद्ध झाल्यावांचून शास्त्र तें मान्य करीत नाहीं. रॉक्सबर्ग हे कलकत्त्याच्या वनस्पति-बागेचे प्रमुख. प्रकृति ढासळल्यामुळें ते १८१३ सालीं स्वदेशीं गेले व १८१५ सालीं वारले. त्यांनीं लिहिलेलीं असंख्य वर्णनें अप्रसिद्धच राहिलीं होतीं. तीं तशींच पडून राहतीं, तर एका विद्वानाचे आयुष्यभराचे श्रम वायां जाते. केरी यांनीं १८१४ सालींच त्या बागेंतील वनस्पतींची यादी छापली होती. पुढें १८२० पासून 'फ्लोरा इंडिका' हा ग्रंथ छापण्यास आरंभ करून १८३२ सालीं तो तीन भागांत पूर्ण केला. ग्रंथकार म्हणून नांव मात्र रॉक्सबर्ग यांचेंच ठेविलें. त्यापूर्वीं १८१२ सालीं आगीनें छापखाना जळाला होता. १८२३ सालीं महापुरानें बागेची नासाडी झाली. तरी केरी यांनीं दोन्ही पुन्हां उभीं केलीं.

९ जून १८३४ रोजीं त्यांचा अंत झाला. सातपुड्याच्या रानांतील कुंभा या वृक्षाच्या वर्गास रॉक्सबर्ग यांनीं 'केरिया' असें नांव दिलेलें आहे. मित्राचीं नांवें जगापुढें आणणाऱ्या पुरुषाचें नांव असें एका वृक्षानें आजवर राखिलें आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं तो वृक्ष पाहावा व हें चरित्र आठवावें.