आमदार नसताना मुख्यमंत्री झालेल्या भाऊसाहेब बांदोडकरांनी पोर्तुगीजांच्या कायद्यांची जबाबदारी कशी घेतली?

२० डिसेंबर १९६३. पणजीत एका खाणमालकाने मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. गंमत म्हणजे अकरा दिवसांपूर्वी झालेल्या निवडणुकीत हा माणूस उभाच नव्हता. पक्ष त्यांचा, प्रचार त्यांचा, पैसाही बराचसा त्यांचा, पण उमेदवारांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर. गोव्याच्या लोकांसाठी भाऊसाहेब.

ते गोवा, दमण आणि दीवचे पहिले मुख्यमंत्री होते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यांच्या हातात नेमकं काय आलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. तर त्यांच्या हातात आला होता पोर्तुगीज भाषेत लिहिलेल्या कायद्यांचा एक ढीग, शेवटचा शब्द दिल्लीचा असलेलं एक सरकार आणि ते सरकारच संपवून टाकण्याचं त्यांनी स्वतः लोकांना दिलेलं वचन.

पण हे सगळं झालं कसं?

पोर्तुगीज गेले, कायदे राहिले

१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. ४५१ वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली. मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर झाले आणि जून १९६२ मध्ये कारभार नागरी प्रशासनाकडे, म्हणजे नायब राज्यपालांकडे आला.

पण सत्ता गेली म्हणून कायदे एका रात्रीत जात नाहीत. जमीन कुणाची, लग्नाची नोंद कुठे, वारसा कुणाला, खाणीचा परवाना कोण देणार, हे सगळं पोर्तुगीज कायद्यांत बांधलेलं होतं. ते एकदम रद्द केले असते तर गोंधळ उडाला असता. म्हणून संसदेने १९६२ च्या कायद्यात साधी तरतूद केली. जे कायदे लागू आहेत ते, सक्षम कायदेमंडळ बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत, चालूच राहतील. दुसऱ्या बाजूने केंद्राने भारतीय कायदे एकेक करून गोव्याला लागू करायला सुरुवात केली.

इथे खरा पेच होता. जुन्या कायद्यांतले अधिकार लिस्बनच्या सरकारकडे आणि त्यांनी नेमलेल्या गव्हर्नर जनरलकडे होते. ते दोघंही आता नव्हते. कायदा तोच, पण तो चालवणार कोण आणि चुकला तर जाब कुणाला विचारायचा? सुरुवातीची दोन वर्षं उत्तर होतं, दिल्लीने पाठवलेले अधिकारी.

पोर्तुगीजांच्या काळात गोव्याच्या जनतेला उत्तर देणारा मंत्री नावाचा प्रकार नव्हता. मुक्तीनंतरही दोन वर्षं तो नव्हताच.

मंत्री आला, पण किती अधिकार घेऊन?

१९६३ मध्ये संसदेने केंद्रशासित प्रदेशांच्या सरकारांसाठी कायदा केला. त्यातून गोवा, दमण आणि दीवला ३० जागांची विधानसभा मिळाली. गोव्याच्या २८, दमणची १, दीवची १.

आता हा कायदा समजून घ्यायला हवा, कारण भाऊसाहेबांची पुढची दहा वर्षं याच चौकटीत गेली.

राज्यात मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतात. इथे ती राष्ट्रपतींनी करायची होती. राज्यात कोणतं काम कोणत्या मंत्र्याकडे, याचे नियम राज्यपालांच्या नावाने होतात. इथे ते नियमही राष्ट्रपतींनी करायचे. ज्या विषयांवर विधानसभेला कायदा करता येतो, त्या विषयांत मंत्रिमंडळाने नायब राज्यपालांना सल्ला द्यायचा. दोघांचं जमलं नाही तर प्रकरण राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारकडे जाणार. तोपर्यंत तातडीचं काम असेल तर नायब राज्यपाल स्वतः निर्णय घेऊ शकत होते.

मात्र त्याच कायद्यात एक महत्त्वाची ओळ होती. मंत्रिमंडळ सामूहिकपणे विधानसभेला जबाबदार राहील. म्हणजे नेमणूक दिल्लीची, पण उत्तर द्यायचं पणजीत. गोव्यासाठी ही गोष्ट नवी होती.

खाणमालक राजकारणात कसा आला?

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ चा, पेडण्याचा. घरात राजकारण नव्हतं. खाणींच्या धंद्यात त्यांनी पैसा कमावला आणि देणग्यांमुळे गावोगावी नाव झालं. गोव्यातल्या बहुजन समाजाला जमीन, शिक्षण आणि सरकारी नोकरी या तिन्ही ठिकाणी जागा नव्हती. या लोकांना भाऊसाहेब आपले वाटत होते.

१९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगोप उभा राहिला. मागणी सरळ होती. गोवा महाराष्ट्रात विलीन करा. समोर डॉ. जॅक डी सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता. त्यांना गोवा वेगळा ठेवायचा होता.

९ डिसेंबर १९६३ ला मतदान झालं. मगोपला १४ आणि त्यांच्या सोबतच्या प्रजा समाजवादी पक्षाला २ जागा मिळाल्या. युनायटेड गोवन्सला १२. गोवा मुक्त करणाऱ्या नेहरूंच्या काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. त्यांची एकमेव जागा दमणची होती.

मगोपच्या आमदारांना नेता म्हणून भाऊसाहेबच हवे होते. कायद्याने आमदार नसलेल्या माणसाला सहा महिन्यांपर्यंत मंत्री राहता येत होतं. त्यांनी शपथ घेतली आणि १९६४ मध्ये मडकईच्या पोटनिवडणुकीतून विधानसभेत आले. सोबत मंत्री दोनच, विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस. तिघांचं मंत्रिमंडळ आणि त्यांच्यात वाटलेली सगळी खाती.

९ जानेवारी १९६४ ला पणजीच्या सचिवालयात, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात, पहिली विधानसभा भरली.

पहिला मोठा कायदा कुळांचा

आता एक तुलना बघा. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं कळंब घ्या. तिथल्या कुळाला १९४८ च्या मुंबई कुळकायद्याचं संरक्षण होतं. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून तर कसणारं कूळ कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानलं गेलं. त्याच वेळी गोव्यातलं कूळ पोर्तुगीज अंमलाखाली भाटकाराच्या मर्जीवर जगत होतं. भाटकार म्हणजे जमीनदार. त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. घर मुंडकाराचं, पण खालची जमीन भाटकाराची. त्यामुळे भाटकाराच्या विरोधात बोलायची सोयच नव्हती.

भाऊसाहेबांच्या सरकारने १९६४ मध्ये गोवा, दमण आणि दीव शेतजमीन कूळ कायदा केला. तो फेब्रुवारी १९६५ मध्ये लागू झाला. कुळाला मनमानी करून जमिनीवरून काढायला बंदी आली आणि खंडाला कायद्याची मर्यादा आली.

या कायद्याने कूळ जमिनीचं मालक झालं नाही. पण एक फरक पडला. आधी कुळाची तक्रार ऐकायला जबाबदार असं कुणी नव्हतं. आता कायद्यामागे एक सरकार होतं, ज्याला पाच वर्षांनी त्याच कुळाकडे मत मागायला जायचं होतं.

दुसरं मोठं काम शाळांचं. मगोप सरकारने खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या घरांत अक्षर पोहोचलं नव्हतं, तिथली पोरं शाळेत जायला लागली. टीकाही झाली. कोकणीला डावलून मराठी रुजवली जातेय आणि यामागे विलीनीकरणाचं राजकारण आहे, असं विरोधकांचं म्हणणं होतं.

स्वतःचं सरकार संपवायला निघालेला मुख्यमंत्री

विलीनीकरण झालं असतं तर पणजीची विधानसभा गेली असती, मंत्रिमंडळ गेलं असतं आणि हे सगळे कायदे मुंबईच्या मंत्र्यांकडे गेले असते. भाऊसाहेबांना हे मान्य होतं, कारण त्यांनी मतंच त्यासाठी मागितली होती.

विधानसभेत बहुमताच्या जोरावर विलीनीकरणाचा ठराव मंजूर झाला. पण केंद्रशासित प्रदेशाच्या विधानसभेला आपली हद्द बदलता येत नव्हती. निर्णय दिल्लीने घ्यायचा होता आणि दिल्लीने तो थेट लोकांवर सोपवला. १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला.

विरोधकांनी आक्षेप घेतला की मगोपचं सरकार खुर्चीवर असताना कौल निष्पक्ष होणार नाही. भाऊसाहेबांनी राजीनामा दिला. डिसेंबर १९६६ मध्ये विधानसभा विसर्जित झाली आणि कायद्यांची जबाबदारी पुन्हा नायब राज्यपालांकडे गेली.

१६ जानेवारी १९६७ ला कौल झाला. एका बाजूला मराठी आणि महाराष्ट्राशी असलेलं नातं. दुसऱ्या बाजूला कोकणी, नोकऱ्यांची भीती आणि महाराष्ट्रातल्या दारूबंदीची धास्ती. माडाची सूर काढून जगणाऱ्यांसाठी हा पोटाचा प्रश्न होता. विशेष म्हणजे विलीनीकरणाच्या विरोधात किल्ला लढवणाऱ्यांत राष्ट्रमत हे मराठी दैनिक पुढे होतं.

निकाल लागला. वेगळं राहण्याच्या बाजूने १ लाख ७२ हजार १९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजार १७०. फरक ३४ हजार २१ मतांचा.

ज्या मुद्द्यावर पक्ष जन्माला आला, तो मुद्दाच संपला. आता भाऊसाहेब संपले, असं अनेकांना वाटलं.

पण लोकांनी पुन्हा त्यांनाच निवडलं

अवघ्या दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. मगोपला १६ जागा मिळाल्या आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. गोव्याच्या मतदाराने दोन वेगवेगळ्या प्रश्नांची दोन वेगवेगळी उत्तरं दिली होती. गोवा वेगळा राहील, पण तो चालवायचा भाऊसाहेबांनी.

आणि त्यांनी तो चालवला. ज्या सरकारला त्यांनी तात्पुरतं मानलं होतं, त्याच सरकारमधून पुढची कामं झाली. १९७० मध्ये कला अकादमी सुरू झाली. १९७२ मध्ये मगोपने १८ जागा जिंकल्या.

१२ ऑगस्ट १९७३ ला हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय ६२ आणि पदावर मुख्यमंत्री. त्यांच्यानंतर मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. वडिलांचं अर्धं राहिलेलं काम त्यांच्या काळात पुढे गेलं. १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना जमिनीच्या मालकीचा रस्ता उघडला. तो रस्ता पुढे कोर्टकचेऱ्यांत बरीच वर्षं अडकला, ती वेगळी गोष्ट.

पोर्तुगीजांचे सगळेच कायदे मात्र गेले नाहीत. १८६७ च्या नागरी संहितेचा मोठा भाग गोव्यात टिकून राहिला आणि आज समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याचं नाव येतं ते त्यामुळेच.

३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झालं. मुख्यमंत्र्यांची नेमणूक आणि खात्यांच्या वाटपाचे नियम दिल्लीकडून राज्यपालांकडे आले. भाऊसाहेबांना ते बघता आलं नाही, आणि त्यांनी राजकारण सुरू केलं तेव्हा त्यांना तसं राज्य नकोही होतं. पण स्वतःचे कायदे स्वतः करायचे आणि त्याचा जाब आपल्याच लोकांना द्यायचा, ही सवय गोव्याला लागली ती त्यांच्याच दहा वर्षांत.

मिरामारच्या किनाऱ्यावर आज त्यांची समाधी आहे.