रेस त्याची, रिस्क कुणाची?

गड्डा यात्रा असो की दुसरी कुठली जत्रा, ‘मौत का कुआँ’ तुम्ही पाहिला असेलच. फळ्यांच्या उभ्या भिंतीवरून बाइक गरगरत वर येते, आपण कठड्यावरून वाकतो, नोट पुढे करतो, मोबाइलवर व्हिडिओ काढतो. जीव धोक्यात घातलाय तो त्याने, आपण फक्त बघायला आलोय, असं मनात पक्कं असतं. पण खरंच तसं असतं का? त्यासाठी पिएर लेवेग या फ्रेंच ड्रायव्हरची गोष्ट ऐका.

जन्म पॅरिसचा, २२ डिसेंबर १९०५ चा. मूळ आडनाव वेगळंच. ‘लेवेग’ हे त्याच्या काकाचं रेसिंगमधलं नाव. काका मोटार शर्यतींच्या अगदी सुरुवातीच्या काळातला ड्रायव्हर. त्याचं नाव पुतण्याने लावलं आणि त्याचं वेडही उचललं.

लेवेगचं स्वप्न एकच, ल माँची २४ तासांची शर्यत जिंकायची. या शर्यतीत एका गाडीचे दोन ड्रायव्हर आलटून पालटून चालवायचे. १९५२ साली या पठ्ठ्याने जोडीदाराला स्टिअरिंग दिलंच नाही! दिवस गेला, रात्र गेली, सकाळ झाली, हा एकटाच. तेवीस तास होत आले तेव्हा तो चक्क चार फेऱ्यांनी पुढे होता. आणि शेवटच्या तासाभरात इंजिनने दगा दिला. हातातोंडाशी आलेला घास गेला, शर्यत मर्सिडीजने जिंकली. विचार करा, काय वाटलं असेल?

पुढे त्याच मर्सिडीजने १९५५ साठी त्याला आपल्या टीममध्ये घेतलं. वय ४९. रिस्क त्याला माहीत होती आणि ती त्याने स्वतः निवडली होती.

११ जून १९५५ ची संध्याकाळ. पिट्ससमोरचा अरुंद सरळ रस्ता. पुढची जग्वार पिटमध्ये जायला ब्रेक मारते, तिच्या मागची ऑस्टिन-हिली वाचायला डावीकडे वळते, नेमकी लेवेगच्या वाटेत. त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. त्याची गाडी हिलीवर चढून उडाली आणि मातीच्या बांधावर आदळली. इंजिन, बॉनेट, पुढचा ॲक्सल थेट गर्दीत घुसले. मॅग्नेशियमची बॉडी पेटली, त्यावर पाणी मारलं तशी आग आणखी भडकली. लेवेग जागीच गेला. त्याच्याबरोबर ८० हून जास्त प्रेक्षक गेले. मागून येणारा फँजिओ वाचला. लेवेगने शेवटच्या क्षणी हात वर करून आपल्याला सावध केलं, असं तो नेहमी सांगायचा.

शर्यत मात्र थांबवली नाही. थांबवली असती तर घरी निघालेल्या गर्दीने रस्ते अडले असते आणि ॲम्ब्युलन्स अडकल्या असत्या, असं आयोजकांचं म्हणणं. यावर आजही वाद होतो. मर्सिडीजने रात्रीच माघार घेतली आणि त्या वर्षाअखेर रेसिंगच सोडलं. स्वित्झर्लंडने सर्किट रेसिंगवर बंदी घातली, ती कित्येक दशकं टिकली.

चौकशीत कुठल्याच ड्रायव्हरला दोषी धरलं नाही. दोष निघाला ट्रॅकचा. तीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांसाठी केलेल्या रस्त्यावर दुप्पट वेगाच्या गाड्या पळत होत्या आणि त्यांच्यात आणि माणसांत होता फक्त मातीचा बांध. नंतर तिथला रस्ता रुंद केला, स्टँड मागे नेले.

आता आपल्याकडे बघा. १८ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला, मैदानं पुन्हा भरली. कायद्यात बैलांच्या त्रासाचा विचार आहे, तो हवाच. पण धावपट्टीच्या कडेला, चांगला शॉट मिळावा म्हणून पुढे सरकणाऱ्या पोरांचं काय?

लेवेगने धोका पत्करला तो डोळे उघडे ठेवून. त्या ८० जणांनी फक्त तिकीट काढलं होतं. तिकीट काढलं म्हणजे मरणाला हो म्हटलं, असं होत नाही. तेव्हा पुढच्या वेळी शर्यतीला जाल तेव्हा आधी बघा, गाडी आणि तुमच्यामध्ये नक्की काय आहे? नुसती दोरी असेल तर दोन पावलं नाही, चांगलं वीस पावलं मागे या. आणि आयोजकांना विचारा, कठडा कुठाय?