इंद्रायणीत सोडलेली खतं

तुकोबारायांचं चरित्र आपल्या दिंडीत कुणाला माहीत नाही? कीर्तनात शंभरदा ऐकलंय. तरी शताब्दीच्या या अंकात आम्ही ते पुन्हा सांगायला घेतलं, ते एकाच गोष्टीसाठी. महाराजांनी आपल्या घरच्यांसाठी मागं ठेवलं काय?

देहूचं मोरे घराणं काही गरीब नव्हतं. मूळपुरुष विश्वंभरबाबांपासून पंढरीची वारी चालत आलेली, घरचं विठ्ठल-रखुमाईचं देऊळ, गावची महाजनकी, शेती, दुकान आणि देवघेवीची सावकारी. म्हणजे वारी वारशानं आली तशी खतांची गाठोडीही वारशानंच आली. बोल्होबा आणि कनकाईंना तीन मुलगे. थोरले सावजी पत्नी गेल्यावर तीर्थाटनाला निघून गेले, कान्होबा धाकटे. मधल्या तुकोबांच्या अंगावर कोवळ्या वयातच सगळा व्यवहार पडला. आईवडील गेले. मग १६२९-३० चा तो भयंकर दुष्काळ. दिवाळं निघालं, पहिल्या पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या, लेक संतूही गेला.

पुढं भंडाऱ्याचा डोंगर, नामस्मरण, पडक्या देवळाची डागडुजी. आणि मग ती खतं. कीर्तनकार इथं भराभर पुढं सरकतात, आम्ही थोडं थांबतो. महाराजांनी सगळीच खतं बुडवली असं नाही. निम्मी कान्होबांना दिली, कारण भावाच्या वाट्यावर आपला हक्क नाही. आपल्या वाट्याची तेवढी इंद्रायणीत सोडली. दुष्काळानं नागवलेल्या कुळांकडं वसुलीला जाणं त्यांना जमेना. पण घरात जिजाई होत्या, पोरं होती. जिजाईंना तापट म्हणून हसायची रीत पडलीय, ती आम्हांला पटत नाही. उद्या चूल कशी पेटायची हे त्यांनाच बघायचं होतं.

मुलींच्या लग्नाचंही तसंच. रस्त्यात खेळणारी जातीतली मुलं धरून आणली आणि लेकी उजवल्या, असं महिपतींच्या चरित्रात आहे. ना मांडवाचा खर्च, ना कुणाचं देणं.

हे ऐकताना आपल्या डहाणू-तलासरीच्या जुन्या माणसांचे डोळे का भरायचे, ते नव्या पिढीला सांगायला हवं. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोनं त्याच्या वाडीवर राबायचं, याला आपल्याकडं लग्नगडी म्हणत. ते फिटायचं नाहीच. बापाचं देणं पोराच्या डोक्यावर यायचं. कागदावर अंगठा बापाचा, राबणार मुलगा. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरीला आदिवासींची परिषद भरली, गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी किसान सभेतर्फे भरवलेली, आणि तिथून लग्नगडीच्या आणि वेठीच्या विरोधातली ती मोठी चळवळ उभी राहिली. त्या मंडळींचा मार्ग वेगळा होता, वारकऱ्यांचा नव्हता. तरी कर्जाचा कागद पुढच्या पिढीपर्यंत जाऊ नये, हे दोन्हीकडं होतं.

फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज वैकुंठाला गेले, तेव्हा धाकटे नारायण आईच्या पोटात होते. त्यांनी वडिलांचं तोंडही पाहिलं नाही. वाट्याला ना दुकानाची भरभराट, ना वसुलीची खतं. मिळाली ती विश्वंभरबाबांची वारी, आणि वडिलांचे लोकांच्या तोंडी झालेले अभंग. पण याच नारायण महाराजांनी १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीला जाऊन ज्ञानोबांच्या पादुका बरोबर घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. आज आपण ज्या सोहळ्यात चालतो तो तिथून सुरू झाला. पुढं वंशजांमध्ये मानाचे नि हक्काचे वाद झाले, तेही खरं. माणसंच ती.

सध्या आपल्या भागात बुलेट ट्रेन आणि मुंबई-बडोदा महामार्गासाठी जमिनी गेल्या. घरोघरी मोबदल्याचा हिशेब चाललाय, काही घरांत भाऊभाऊ बोलेनासे झालेत. आमच्या जुन्या विणेकऱ्यांच्या घरीही पैसे आले. तिघा नातवांनी बसून वाटणी केली, एकदा भांडलेही. वीणा मात्र वाटणीत आली नाही. ती थोरल्याकडं देव्हाऱ्याशेजारी असते. आषाढीला ती त्याच्या गळ्यात असते, कार्तिकीला धाकटा घेतो, आणि मधला दोन्ही वेळेला घरची भातशेती बघतो.