व्रतस्थ वादक

स्पेन देशाच्या ईशान्येस कातालोनिया नावाचा प्रांत आहे. तेथील एल वेंद्रेल या लहानशा गावी २९ डिसेंबर १८७६ रोजी पाब्लो कासाल्स यांचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. घरात संगीत होते, पण सुबत्ता नव्हती. मुलाने सुतारकाम शिकावे, म्हणजे पोटापाण्याची काळजी मिटेल, असे वडिलांना वाटे. आई पिलार हिला मात्र मुलाच्या गुणांची पुरती पारख होती.

पाब्लो अकरा वर्षांचा असताना गावात काही वादक आले. त्यांपैकी एकाजवळ चेलो होता. चेलो हे व्हायोलिनच्याच जातीचे, परंतु आकाराने पुष्कळ मोठे असे वाद्य. वादक खुर्चीवर बसतो, वाद्य गुडघ्यांमध्ये उभे धरतो आणि त्याच्या चार तारांवरून गज फिरवितो. त्या धीरगंभीर नादाने पाब्लो भारावून गेला. आईने हट्ट धरला व त्याला बार्सेलोना शहरी नेऊन संगीतशाळेत घातले.

त्या काळी चेलो शिकणाऱ्या मुलाला काखेत पुस्तक धरून गज चालवावा लागे. पुस्तक खाली पडता कामा नये! असा जखडलेला हात मोकळा सूर कसा काढणार? पाब्लोने ही रीत झुगारून दिली. त्याची नवी पद्धत पुढे जगभरच्या वादकांनी उचलली.

१८९० साली एका जुन्या दुकानात त्याला थोर जर्मन संगीतकार बाख याच्या रचनांची एक वही सापडली. तीत केवळ चेलोसाठी लिहिलेल्या सहा रचनामाला होत्या. लोक त्यांना रुक्ष अभ्यासपाठ समजत. पाब्लोला त्यांत संगीताचे भांडार दिसले. त्याने एक तपभर त्यांचा रोज अभ्यास केला आणि मगच त्या जाहीरपणे वाजविण्याचे धाडस केले.

१८९९ पासून पॅरिस, लंडन, अमेरिका अशी त्यांची कीर्ती पसरत गेली. पण कासाल्स जन्मभूमीला विसरले नाहीत. १९२० साली त्यांनी बार्सेलोना येथे स्वतःचा वाद्यवृंद उभारला व त्यासाठी पदरचा पैसा ओतला. कामगारांनाही उत्तम संगीत ऐकावयास मिळावे, म्हणून अल्प वर्गणीत कार्यक्रम केले.

१८ जुलै १९३६ च्या सायंकाळी बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू असताना निरोप आला, की लष्कराने बंड केले आहे, सर्वांनी ताबडतोब घरी जावे. कासाल्सनी सहकाऱ्यांना विचारले आणि सर्वांनी अखेरचा भाग पुरा करूनच एकमेकांचा निरोप घेतला. यादवी युद्धात सेनापती फ्रँको विजयी झाला व हुकूमशहा बनला. १९३९ साली कासाल्स देश सोडून फ्रान्समधील प्राद या गावी राहू लागले. छावण्यांत हाल सोसणाऱ्या देशबांधवांना ते पैसे, अन्न व वस्त्रे पाठवीत.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले, तरी फ्रँकोची सत्ता तशीच राहिली. इतर राष्ट्रे तिच्याशी जुळते घेत आहेत, हे पाहून कासाल्स व्यथित झाले. शस्त्र हाती धरणे हा त्यांचा धर्म नव्हता. त्यांच्यापाशी होता एक चेलो. तोच त्यांनी मुका ठेवला! फ्रँकोच्या राजवटीला मान्यता देणाऱ्या देशांत जाहीर वादन करावयाचे नाही, असे व्रत त्यांनी घेतले. मानधन गेले, मानसन्मान गेले. त्यांनी खंत केली नाही.

अखेर १९५० साली, बाखच्या द्विशतसांवत्सरिक पुण्यतिथीस, देशोदेशीचे वादकच प्रादला आले. कासाल्स येत नाहीत, तर आपणच त्यांच्याकडे जावे, असे त्यांनी ठरविले होते. बाखसाठी कासाल्सनी पुन्हा गज हाती घेतला. पुढे जागतिक शांततेच्या कार्यासाठी त्यांनी व्रताचे बंधन सैल केले. स्पेनमध्ये मात्र ते पुन्हा कधीच वाजविले नाहीत.

अखेरची वर्षे त्यांनी आईच्या जन्मभूमीत, पोर्टो रिको बेटावर घालविली. १९७१ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात त्यांनी कातालोनियातील एक जुने लोकगीत वाजविले. ते गीत पक्ष्यांचे होते. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. फ्रँकोचा अंत १९७५ साली झाला. त्यानंतर, १९७९ साली, कासाल्स यांचा देह एल वेंद्रेल येथे आणून पुरण्यात आला.

चेलोला वाचा देण्यासाठी कासाल्स यांनी अविरत कष्ट केले. पण न्यायासाठी तोच चेलो मुका ठेवताना त्यांना त्याहून मोठे धैर्य लागले असेल.